परदेशातलं वर्क परमिट: आधी मालक तपासा

परदेशी भरतीच्या फायली मी रोज हाताळते, म्हणून सांगते: व्हिसाचा फॉर्म सगळ्यांत शेवटी. आधी कंपनीला बाहेरचा माणूस बोलावायची परवानगी आहे का, ते बघा. ब्रिटनमध्ये परवानाधारक स्पॉन्सरांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. तिथे कंपनी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देते. हा कागद नसतो, नुसता संदर्भ क्रमांक असतो; तो मिळाल्यापासून 3 महिन्यांत अर्ज करावाच लागतो.

कॅनडात बऱ्याचदा मालकाला आधी एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस घ्यायला हरकत नाही असा सरकारी निर्वाळा, काढावं लागतं. त्याची फी कामगाराकडून वसूल करता येत नाही. ‘अर्धी तुम्ही भरा’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. अमेरिकेचं एच-वन-बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा कामाचा व्हिसा, वेगळंच: बहुतेक कंपन्यांसाठी नोंदणी मार्चमध्ये, काम 1 ऑक्टोबरपासून. घाई असेल तर त्याच्या नादी लागू नका.

ऑफर लेटरमधलं पदनाव, पगार, कामाचं ठिकाण अर्जात तंतोतंत तसंच हवं. आणि नोकरी गेली तर काय, हे विचारायला लाजू नका; परमिट बहुधा त्याच मालकाशी बांधलेलं असतं. एच-वन-बीवर नोकरी गेल्यावर 60 दिवसांपर्यंत तिथे राहायची सवलत मिळते. सध्याच्या नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच द्या, एचआर कितीही मागे लागलं तरी.