दुसरा सर्व्हर पडेल तेव्हाचं गणित

मेल क्लस्टरचं, म्हणजे एकत्र मिळून मेल सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या गटाचं, प्लॅनिंग करताना पहिला प्रश्न सगळेच विचारतात: एक सर्व्हर पडला तर बाकीचे पेलतील का? मी हा प्रश्न एक पायरी पुढून विचारते. एक सर्व्हर आधीच बाहेर आहे आणि तेवढ्यात दुसरा पडला, तर?

कारण पहिला सर्व्हर बहुतेक वेळा आपणच बाहेर काढलेला असतो. पॅच टाकायचा असतो, फर्मवेअर अपडेट करायचं असतं, नाहीतर डिस्क बदलायची असते. त्या दोन-तीन तासांत क्लस्टरची एक जागा रिकामीच असते. ‘एक पडला तरी चालेल’ एवढ्याच हिशेबाने बांधलेलं क्लस्टर पॅचच्या रात्री कुठल्याही आधाराशिवाय उभं असतं. म्हणून गणिताची सुरुवात त्या रात्रीपासून करा.

मी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरच्या डॅगवर (डेटाबेस अव्हेलेबिलिटी ग्रुप, म्हणजे एकमेकांच्या डेटाबेसच्या कॉपी ठेवणाऱ्या सर्व्हरचं क्लस्टर) काम करते, तेव्हा उदाहरणही तेच घेते. चार सर्व्हर, त्यांना अ, ब, क, ड म्हणू. मेलबॉक्स ६,०००, डेटाबेस २४, म्हणजे प्रत्येकात २५० मेलबॉक्स. प्रत्येक डेटाबेसच्या तीन कॉपी: एक अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लोक जी वापरतात ती, आणि दोन पॅसिव्ह, म्हणजे राखीव. एकूण ७२ कॉपी, सर्व्हरमागे १८, आणि त्यातल्या रोजच्या दिवशी अ‍ॅक्टिव्ह असतात ६.

डेटाबेस २४च का, ते सांगते. चार सर्व्हरमधून पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावायचे प्रकार होतात ४ × ३ × २ = २४. प्रत्येक डेटाबेसला यातला एकेक क्रम अ‍ॅक्टिव्हेशन प्रेफरन्स (कोणत्या सर्व्हरवरची कॉपी आधी अ‍ॅक्टिव्ह करायची तो क्रम) म्हणून द्या. मग ‘अ’ पडला की त्याचे ६ डेटाबेस बाकीच्या तिघांवर दोन-दोन जातात आणि प्रत्येकाकडे ८ होतात. पाठोपाठ ‘ब’ गेला की त्याच्याकडचे ८ ‘क’ आणि ‘ड’वर चार-चार जातात, दोघांकडे १२-१२. कागदावर एकदा हाताने मांडून बघा, पटकन लक्षात येतं.

बऱ्याच ठिकाणी मात्र जोड्या लावलेल्या दिसतात: ‘अ’ची सगळी दुसरी कॉपी ‘ब’वर, ‘क’ची ‘ड’वर. दिसायला सुटसुटीत आहे, पण ‘अ’ पडताक्षणी ‘ब’वर १२ येतात आणि ‘क’, ‘ड’ आपापल्या ६ वरच राहतात. तेच हार्डवेअर, तेवढ्याच कॉपी, आणि पहिल्याच धक्क्याला एका सर्व्हरवर दुप्पट भार. त्यामुळे सर्व्हर वाढवून मागण्याआधी कॉपी कशा वाटल्या आहेत ते तपासा.

आता सीपीयू. सरासरी बघू नका. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा तास शोधा, बहुतेकदा तो कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी सापडतो, आणि त्या तासातला आकडा धरा. सर्वांत वाईट अवस्थेत सीपीयू ८० टक्क्यांच्या आत राहायला हवा. १२ डेटाबेसना ८० टक्के, तर ६ ना साधारण ४० टक्के. पॅसिव्ह कॉपीही लॉग (बदलांच्या नोंदींच्या फाइल) रीप्ले करत, म्हणजे स्वतःवर उतरवत असते, त्यामुळे हिशेब अगदी सरळ रेषेत जात नाही, पण अंदाजाला पुरतो. रोजच्या गर्दीच्या तासाला सर्व्हर ५५ टक्क्यांवर चालत असतील, तर दोन पडल्यावर उरलेले दोन गुदमरणार, हे आजच कळतं.

‘सर्व्हर अर्धेसुद्धा वापरात नाहीत, दोन कमी करा’ असं कोणी म्हणालं, तर त्यांच्यापुढे ६, ८, १२ हे तीन आकडे आणि त्यांच्या समोरचा सीपीयू ठेवा. ती रिकामी दिसणारी जागा दुसरा सर्व्हर पडेल तेव्हासाठी राखलेली आहे. हे एकदा लेखी देऊन ठेवावं.

यानंतरची गोष्ट मी अनुभवातून शिकले. सर्व्हरवर जास्तीत जास्त किती डेटाबेस अ‍ॅक्टिव्ह होऊ द्यायचे, याची मर्यादा लावता येते: मॅक्झिमम अ‍ॅक्टिव्ह डेटाबेसेस. ती लावाच. ती नसेल तर एकाच सर्व्हरवर नको इतके डेटाबेस गोळा होऊ शकतात. शिवाय मेमरीचा कॅशे वाटतानाही ही मर्यादा धरली जाते. ती नसली, तर सगळ्या कॉपी अ‍ॅक्टिव्ह होतील असं मानून प्रत्येकाच्या वाट्याला थोडा-थोडा कॅशे येतो. मर्यादा बदलली किंवा कॉपी वाढवल्या की डेटाबेस चालवणारी स्टोअर सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण ही वाटणी सर्व्हिस सुरू होतानाच ठरते.

मी मर्यादा १२ लावली होती. गणितात १२ येत होते, म्हणून बरोबर १२. ड्रिलच्या, म्हणजे मुद्दाम सर्व्हर बंद करून बघायच्या, दिवशी ‘अ’ आणि ‘ब’ बंद केले. एका डेटाबेसची ‘ड’वरची कॉपी तेव्हा मागे पडली होती, कॉपी क्यू, म्हणजे तिच्याकडे पोचायच्या लॉगची रांग, साचली होती. फेलओव्हरच्या वेळी (डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर जाताना) प्रेफरन्सच्या आधी कॉपीची तब्येत बघितली जाते, त्यामुळे तो डेटाबेस ‘क’वर गेला. ‘क’चे १२ भरले. मग ज्याच्या तिन्ही कॉपी अ, ब, क अशा होत्या, असा एक डेटाबेस ‘क’च्या दारात आला आणि तिथेच अडकला. ‘ड’कडे ११ होते, एक जागा मोकळी होती, पण या डेटाबेसची कॉपीच ‘ड’वर नव्हती. सर्व्हर धडधाकट, डिस्क धडधाकट, आणि २५० जणांचं मेल बंद. मी स्क्रीनवर तो एकच ‘डिसमाउंटेड’ (बंद) डेटाबेस बघत बसले होते. त्या दिवसापासून मर्यादा १४ ठेवते आणि सीपीयूचा हिशेबही १४ वरच करते. म्हणजे रोजचा गर्दीचा तास ४० नव्हे, ३४ टक्क्यांच्या आसपास हवा.

डिस्कचं गणित लोक विसरतात, आणि माझ्या मते खरा घात तिथेच होतो. एक सर्व्हर बंद असेल तर त्याच्यावर ज्यांची कॉपी आहे, त्या डेटाबेसचे लॉग बाकीच्या सर्व्हरवरूनही कापले (पुसले) जात नाहीत, कारण बंद कॉपीला ते अजून मिळायचे असतात. बंद कॉपीसाठी न थांबता लॉग कापणारी लूज ट्रंकेशन नावाची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. एक लॉग १ एमबीचा. दिवसाला १०० मेलची ये-जा असलेल्या मेलबॉक्समागे साधारण २० लॉग धरतात. २५० मेलबॉक्सचे झाले ५,०००, म्हणजे डेटाबेसमागे रोज सुमारे ५ जीबी. ‘अ’ बंद असताना ‘ब’वरच्या १८ पैकी १२ कॉपींचे लॉग साचतात: रोज ६० जीबी. सुटा भाग यायला आठवडा लागला तर ४२० जीबी. एवढी जागा नसेल, तर पहिला सर्व्हर पडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी बाकीच्यांच्या डिस्क भरून डेटाबेस आपणहून खाली येतात. त्यात कोणी त्याच आठवड्यात मेलबॉक्स मूव्ह (एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवणं) सुरू केले तर लॉग आणखी वाढतात. सर्व्हर बंद असताना मूव्ह थांबवायचे, हा नियम करून टाका.

परतीचा वेळही मोजा. सर्व्हरच्या डिस्क गेल्या असतील तर कॉपी नव्याने सीड कराव्या लागतात, म्हणजे पूर्ण डेटाबेस पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. डेटाबेस १ टीबीचा असेल आणि गिगाबिट लिंक पूर्ण मिळाली, तरी एकाला अडीच तास. १८ कॉपींना ४५ तास. सर्व्हर चालू झाला म्हणजे आधार परत आला असं नाही. ते दोन दिवस क्लस्टर एक पायरी खालीच असतं, तेव्हा पुढचा पॅच तोवर थांबवा.

कोरमबद्दल, म्हणजे क्लस्टर चालू राहायला लागणाऱ्या बहुमताबद्दल, थोडक्यात. चार सर्व्हर आणि विटनेस (फक्त मतापुरता ठेवलेला वेगळा सर्व्हर) मिळून पाच मतं, बहुमताला तीन. दोन सर्व्हर गेले की विटनेस धरून तीन उरतात. त्याच वेळी विटनेस रीस्टार्ट झाला तर सगळंच खाली येऊ शकतं. एकामागून एक पडझड झाली तर विंडोजचा डायनॅमिक कोरम मतं कमी करून सांभाळून घेतो, पण हिशेब त्याच्या भरवशावर करू नका. विटनेसचा पॅच वेगळ्या रात्री ठेवा.

बाहेरून येणाऱ्या मेलची काळजी त्या मानाने कमी. पाठवणारे बरेच सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये तर ५ दिवस हा डीफॉल्टच आहे. पण क्लस्टर उठल्यावर ते सगळं एकदम दारात येतं, आणि काही लॉग हरवून झालेल्या फेलओव्हरनंतर सेफ्टी नेटही (पोचवलेल्या मेलची एक्स्चेंजने काही काळ ठेवलेली प्रत) मेल पुन्हा सोडतं. क्यूची (मेलच्या रांगेची) डिस्क त्या हिशेबाने मोठी ठेवा.

शेवटी ड्रिल. जेटस्ट्रेस हे चाचणीचं साधन फक्त डिस्क तपासतं, तेवढ्यावर भागत नाही. वर्षातून दोनदा, सगळ्यांना आधी कळवून, खरे लोक कामावर असताना एक सर्व्हर बाहेर काढा. तासाभराने दुसरा. प्रत्येक सर्व्हरवर किती डेटाबेस गेले ते लिहून घ्या आणि कागदावरच्या ८ आणि १२ शी ताडून बघा. नंतर दोन्ही सर्व्हर परत आणून डेटाबेस आपापल्या जागी गेलेत का ते तपासा. एक्स्चेंज २०१६ च्या सीयू २ (दुसऱ्या क्युम्युलेटिव्ह अपडेट) पासून हे तासातासाने आपोआप होतं, त्याआधीच्या आवृत्त्यांत रीडिस्ट्रिब्यूटची स्क्रिप्ट हाताने चालवावी लागते.