सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर: आधी भार, मग मीटर, शेवटी चार्जर

हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे विजेवरची, गाडी दिसली म्हणून पुण्यात आता कोणी वळून पाहत नाही. विजेवरची चेतक स्कूटर जानेवारी २०२० मध्ये विक्रीला आली तेव्हा ती पुणे आणि बेंगळुरू या दोनच शहरांत मिळत होती. त्याच्या वर्षभर आधी, २०१९ च्या सुरुवातीला, पीएमपीएमएल या पुण्याच्या शहर बससेवेच्या विजेवरच्या बसगाड्या भेकराईनगर आणि निगडीच्या आगारांतून धावू लागल्या होत्या. बसच्या आगाराला उच्चदाब जोडणी घेता येते आणि स्वतःचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) उभारता येते. कोथरूड किंवा सहकारनगरमधल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीची गोष्ट वेगळी असते. तिथली मीटर खोली पंखे, फ्रीज आणि घरटी एखादा गीझर एवढ्याच हिशेबाने बांधलेली असते आणि तिच्यात चार्जरसाठी ना फळीवर जागा असते ना केबलमध्ये दम. त्यामुळे पुढची माहिती चार्जरच्या कंपनीपासून सुरू न करता त्या मीटर खोलीपासून सुरू केली आहे.

पहिले काम आपली खरी गरज काढण्याचे. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर होतात आणि शहरात चालणारी बेताच्या आकाराची विजेवरची मोटार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज सहा युनिटच्या आसपास येते. चार्जिंगमध्ये होणारा दहा-बारा टक्क्यांचा अपव्यय धरला तरी ती सात युनिटच्या आत राहते. ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर एवढी वीज दोन तासांत देतो आणि गाडी तर पार्किंगमध्ये रात्रीचे आठ-दहा तास उभी असते. विक्रेता मात्र ७.४ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर पुढे करतो आणि आपणही ‘घेतोच आहोत तर मोठाच घेऊ’ म्हणून मान डोलावतो. ज्याला रोज शंभराहून अधिक किलोमीटर चालवावे लागते किंवा ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत, त्याने मोठा चार्जर जरूर घ्यावा. इतरांसाठी तो मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला मान्य केलेली किलोवॅटची मर्यादा), केबल आणि ठेव या तिन्हींचा खर्च वाढवतो, आणि गाडी पहाटे तीनऐवजी रात्री एकला भरल्याने कोणाचेच काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम इमारतीचा भार मोजण्याचे, आणि सोसायट्या नेमके हेच टाळतात. वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो एका सदनिकेचा असतो. सगळ्या सदनिकांचा, लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा प्रत्यक्ष भार मुख्य स्विचवर किती येतो हे बिलावरून कळत नाही. त्यासाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला मे महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे एसी आणि स्वयंपाकघर एकाच वेळी चालू असताना, टाँग टेस्टर, म्हणजे केबलभोवती लावून प्रवाह मोजायचा चिमटा, घेऊन बोलवावे. आमच्या इमारतीत हे केले तेव्हा वायरमनने बॅटरीच्या उजेडात तिन्ही फेजच्या केबलना एकामागून एक चिमटा लावला आणि आकडे वाचून दाखवले: लाल ६४ अँपिअर, पिवळा ११८, निळा ७१. मुख्य स्विच २०० अँपिअरचा होता, त्यामुळे सगळ्यांना हायसे वाटले. पण तीन सभासदांना ७.४ किलोवॅटचे चार्जर हवे होते. तसा एक चार्जर ३२ अँपिअर घेतो, आणि तिघांचेही मीटर पिवळ्या फेजवर होते. तिन्ही गाड्या एकदम लागल्या असत्या तर त्या एका फेजवर २१४ अँपिअर चढले असते आणि शेजारचे दोन फेज अर्धे रिकामे राहिले असते. उपाय सोपा निघाला. दोन जोडण्या लाल आणि निळ्या फेजवर घ्यायचे ठरले आणि मोठ्या खर्चाची वेळ आली नाही. मोजणी झाली नसती तर ही गोष्ट मुख्य फ्यूज उडाल्यावर, तीही अंधारात, कळली असती.

मोजणी करून शिल्लक क्षमता कमी निघाली, तर प्रश्न सोसायटीच्या मुख्य केबलचा आहे की बाहेरच्या रोहित्राचा, हे वेगळे करून घ्यावे, कारण उत्तर देणारा माणूस बदलतो. मीटर खोलीतील स्विच, बसबार (सगळ्या मीटरना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि पार्किंगपर्यंतची वायरिंग सोसायटीच्या गळ्यात असते. ज्याला आपण सरसकट डीपी म्हणतो ते रोहित्र, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) आणि तिथून येणारी सर्व्हिस केबल हा महावितरणचा प्रांत आहे. अर्ज आल्यावर शाखा कार्यालयाचा अभियंता याच बाहेरच्या बाजूची क्षमता पाहतो. गल्लीतल्या सगळ्या इमारतींच्या गाड्या कामावरून परतल्या-परतल्या सात वाजता चार्जिंगला लागल्या, तर त्याच रोहित्रावर एसी आणि मिक्सरची गर्दीही तेव्हाच असते, ही त्याची खरी काळजी असते. दहा गाड्यांना ७.४ किलोवॅटने एकदम वीज द्यायची तर ७४ किलोवॅट लागतात. त्याच गाड्या ३.३ किलोवॅटने भरल्या तर ३३ किलोवॅट पुरतात, आणि त्यातल्या निम्म्या मध्यरात्रीनंतर लावल्या तर त्याहूनही कमी. राज्याच्या पातळीवरही चित्र हेच आहे. संध्याकाळी सूर्य मावळतो, सौर वीज संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. तो चढ सावरायला कोयनेसारख्या जलविद्युत प्रकल्पाला पुढे यावे लागते. म्हणून वीज नियामक आयोगाच्या दररचनेत ईव्ही (विजेवरच्या गाड्यांच्या) चार्जिंगच्या जोडणीला दिवसाच्या वेळेनुसार सवलत आणि अधिभार लागू होतो. पूर्वी सवलत रात्रीच्या तासांना होती. सौर वीज वाढली तशी ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेकडे सरकली. जे घरून काम करतात किंवा ज्यांची गाडी दुपारी घरीच असते त्यांना याचा थेट फायदा आहे. बाकीच्यांनी निदान संध्याकाळचे तास टाळून, मध्यरात्रीनंतरची वेळ चार्जरच्या टायमरमध्ये बसवून ठेवावी.

आता मीटर. घरच्याच मीटरवरून केबल पार्किंगमध्ये उतरवता येते आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही, फक्त मंजूर भार पुरेसा असावा लागतो. यात पाहायचे ते टप्प्यांचे गणित. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला मीटरवर सुमारे १६० युनिट लागतात. ज्या घराचा वापर आधी १८० युनिट होता तो त्यामुळे ३४० वर जातो. मग ‘सगळ्या बिलालाच वरचा दर लागणार’ अशी भीती सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी हमखास घालते, पण ती चुकीची आहे. वरच्या टप्प्याचा दर फक्त ३०० च्या पुढच्या ४० युनिटना लागतो. ज्यांचा घरचाच वापर चारशे-पाचशे युनिट आहे त्यांच्या गाडीची जवळजवळ सगळी वीज मात्र महाग टप्प्यात पडते. अशांनी ईव्ही चार्जिंगच्या स्वतंत्र दरवर्गातील जोडणी घ्यावी, कारण तिथे हे टप्पे नसतात. स्वतंत्र मीटरला स्वतःचा स्थिर आकार (वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी रक्कम) असतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू दरपत्रक समोर ठेवून कागदावर दोन्ही बिले मांडून पाहावीत. स्कूटरसाठी हा खटाटोप करू नये. तिला महिन्याला साधारण तीस युनिट लागतात आणि ते घरच्या बिलात लक्षातही येत नाहीत.

स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क आता नियमांत स्पष्ट लिहिलेला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, आणि तिच्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागितल्यास वितरण कंपनीने ती द्यायची असते. परिपूर्ण अर्जानंतर महानगर क्षेत्रात तीन दिवस आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस अशी मुदत आहे. त्यात ‘परिपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नवी वाहिनी किंवा रोहित्राची क्षमतावाढ लागत असेल तर ही मुदत लागू होत नाही. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ए-१ फॉर्म भरून करता येतो. सोबत ओळखपत्र, सदनिकेची मालकी आणि पार्किंगचा हक्क दाखवणारा कागद, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि काम झाल्यावर कंत्राटदाराचा चाचणी अहवाल तयार ठेवावा. जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर ती आधी भरावी. पाहणीनंतर सेवा जोडणी आकार आणि सुरक्षा ठेवीचे कोटेशन येते. ते भरल्यावरच मीटर लागतो.

ना-हरकत पत्रावरून सोसायट्यांत बरेच तंटे होतात. तोंडी परवानगी मागू नये. सेक्रेटरींच्या हाती एक पानी अर्ज, केबलच्या मार्गाचे हाताने काढलेले रेखाचित्र आणि वर सांगितलेल्या मोजणीचे आकडे द्यावेत. आकडे समोर असले की ‘आग लागेल’ आणि ‘बाकीच्यांची लाइट जाईल’ या दोन्ही हरकतींना उत्तर आपोआप मिळते. पाच-सहा जणांची मागणी असेल तर सोसायटीने स्वतःच्या नावाने एक ईव्ही जोडणी घेऊन सामायिक चार्जर बसवणे अधिक शहाणपणाचे ठरते. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केला आहे. त्यामुळे सभासदांकडून युनिटप्रमाणे पैसे घेण्यासाठी सोसायटीला वीज वितरणाचा परवाना लागत नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक लक्ष सॉकेट आणि संरक्षणाकडे द्यावे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या विंगेत एकाने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड लोंबता सोडून त्यावर मोटार लावली होती. पंधरा अँपिअरच्या प्लगची एक पिन कोळशासारखी काळी पडली आणि बोर्डाचे प्लॅस्टिक मऊ होऊन पिनेभोवती गोळा झाले. गीझर वीस मिनिटांत बंद होतो म्हणून तोच सॉकेट त्याला निभावतो. गाडी तेवढाच प्रवाह सहा-सात तास सलग घेते, आणि सैल पकडीच्या जागी उष्णता साचत जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगला एक्स्टेंशन वापरण्यास मनाई आहे, प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट लागते आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा लागतो. पावसाळ्यात जिथे पार्किंगमध्ये ओढ्यासारखे पाणी शिरते, अशा सखल इमारतींत तो आणखी वर घ्यावा. ३२ अँपिअरसाठी तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची आर्मर्ड (पोलादी कवच असलेली) केबल घ्यावी आणि अंतर चाळीस मीटरच्या पुढे जात असेल तर १० ची. ३० मिलिअँपिअरची ए प्रकारची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), योग्य एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास पडणारा स्विच) आणि मोजून पाहिलेले अर्थिंग या तीन गोष्टींवर एक रुपयाही वाचवू नये. इन्स्टॉलर ‘अर्थिंग बिल्डिंगचे आहेच’ म्हणाला, तर त्याला रीडिंग घेऊन दाखवायला सांगावे.

मीटर लागल्यावर पहिले बिल नीट वाचावे. दरवर्ग ईव्ही चार्जिंगचाच आहे ना, मंजूर भार अर्जाप्रमाणे आहे ना आणि रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळते ना, हे तीन रकाने ताडून पाहावेत. दरवर्ग चुकून व्यावसायिक लागला तर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि मीटरचा फोटो जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. फोनवरून १९१२ वरही तक्रार नोंदवता येते, पण तिचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण प्रकरण पुढे तक्रार निवारण मंचाकडे न्यायचे झाले तर तोच आधी विचारला जातो.