जुन्या एसएलआरचा फोकस चुकतोय? लेन्स खोलण्याआधी हे तपासा

फिल्म धुऊन आली आणि डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर किंवा थेट मागच्या भिंतीवर गेलेला दिसला, की पहिला संशय लेन्सवर जातो. मग कुणीतरी घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर काढतो आणि इथेच चांगल्या लेन्सची वाट लागते. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशामार्गे व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून आरशामार्गे मॅट स्क्रीनपर्यंतचं (व्ह्यूफाइंडरची प्रतिमा जिच्यावर पडते त्या खरखरीत पडद्यापर्यंतचं) अंतर अगदी सारखं असावं लागतं. यातलं कोणतं बिघडलंय हे कळल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नका.

किती बारीक फरकाचा हा मामला आहे ते पाहा. ५० मिमीची लेन्स फिल्मपासून फक्त ०.१ मिमी जास्त लांब बसली, तर इन्फिनिटीच्या (अतिदूरच्या फोकसच्या, ∞) खुणेवर ती प्रत्यक्षात २५ मीटरवर फोकस होते. माणूस ३ मीटरवर असेल आणि रिंगही ३ मीटरच्या खुणेवर लावली, तर फोकस त्याच्या सुमारे ३० सेमी पुढे पडतो.

आधी निगेटिव्ह भिंगाखाली बघा. फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी धारदार असेल, पण नको त्या जागी, तर चूक फोकसची आहे. कुठेच काही धारदार नसेल आणि कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या असतील, तर हात हलला आहे. ५० मिमीला १/६० सेकंदापेक्षा मंद शटर हातात धरून वापरू नका. सगळं चित्र दुधाळ आणि फिकट असेल, तर लेन्समध्ये धूसरपणा किंवा बुरशी आहे. मागून टॉर्च मारली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशीने कॉन्ट्रास्ट जातो, फोकसची जागा सरकत नाही. (कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच, सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा बरा.)

आता अॅडॉप्टर, म्हणजे एका माउंटची (लेन्स बसवायच्या जोडणीची) लेन्स दुसऱ्या माउंटच्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी. लेन्स ‘इन्फिनिटीला जात नाही’ या तक्रारीत बऱ्याच वेळा हाच चोर असतो. एम४२ (४२ मिमी आट्यांचं) आणि पेन्टॅक्स के या दोन्ही जोडण्यांत माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी आहे. म्हणून अॅडॉप्टर कॅमेऱ्याच्या माउंटच्या आत पूर्ण बुडायला हवा. स्वस्त अॅडॉप्टरला बाहेर सुमारे १ मिमीची कड असते, आणि तेवढ्यानेच ५० मिमीची लेन्स २.५ मीटरच्या पुढे फोकस होत नाही. निकॉनचं अंतर मुळातच ४६.५ मिमी असल्यामुळे काच नसलेल्या अॅडॉप्टरवर एम४२ लेन्सची तीच गत होते. त्याला दुरुस्ती नाही.

३९ मिमी आट्यांच्या सोव्हिएत काळातल्या लेन्स आणखी फसव्या. जुन्या झेनिट या एसएलआरच्या लेन्सला ४५.२ मिमी अंतर लागतं. फेड, झोर्की आणि जुन्या लायका या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या लेन्सला २८.८ मिमी. आटे मात्र सारखेच, त्यामुळे लेन्स निमूटपणे बसते. फेडची ५० मिमी झेनिटवर लावली तर ती जेमतेम २० सेमीपर्यंत फोकस होईल, आणि झेनिटची लेन्स फेडवर लावली तर काहीच धारदार दिसणार नाही.

हे सगळं ठीक असेल तर दुधी काचेची चाचणी घ्या. सगळा निकाल हिच्यावर आहे, म्हणून घाई नको.

साधारण ३४ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब दुधी काचेचा तुकडा कापून घ्या आणि धारा घासून बोथट करा. काच मिळाली नाही तर मॅट दुधी चिकटपट्टी ताणून लावली तरी चालते. फक्त तिला पोक येता कामा नये. कॅमेऱ्याचा मागचा दरवाजा उघडला की फिल्मच्या खिडकीच्या वर आणि खाली दोन-दोन पट्ट्या दिसतील. फिल्म आतल्या जोडीवर टेकते, बाहेरची जोडी प्रेशर प्लेटसाठी (दरवाज्यावरच्या, फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पत्र्यासाठी) असते. काच आतल्या जोडीवरच ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. बाहेरच्या जोडीवर ठेवलीत तर मोजमाप चुकेल आणि चांगला कॅमेरा तुम्ही स्वतःच बिघडवाल.

कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं), केबल रिलीज (शटर दाबायची लवचिक तार) लॉक करून. अॅपर्चर पूर्ण उघडं. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर किंवा इमारतीची कड धरा; समोरच्या सोसायटीची गच्ची पुरेशी लांब नाही. ८ ते १० पट भिंगाने काचेवरची प्रतिमा बघत रिंग फिरवा आणि प्रतिमा सर्वांत धारदार होते ती रिंगवरची जागा पेन्सिलीने खुणवा. मग केबलचं लॉक सोडून शटर बंद होऊ द्या आणि तोच टॉवर व्ह्यूफाइंडरमधून धारदार करा. हे तीनदा करा, कारण डोळाही फसवतो. शक्य असेल तर दुसऱ्या लेन्सनेही करा.

काच आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही एकाच जागी धारदार, पण ती जागा इन्फिनिटीच्या खुणेवर नाही: दोष लेन्समध्ये किंवा अॅडॉप्टरमध्ये. काचेवर खुणेला बरोबर, व्ह्यूफाइंडरमध्ये चूक: आरसा किंवा स्क्रीन. प्रत्येक लेन्सने काचेवर सारखीच चूक: बॉडीचं माउंट, बहुधा मागच्या दुरुस्तीत हरवलेले पातळ वॉशर. एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ: माउंटचे स्क्रू ढिले किंवा लेन्स कधीतरी पडलेली.

आरशाच्या दोषात पहिला आरोपी फोम, म्हणजे आरसा वर आदळतो तिथली मऊ पट्टी. तीस-चाळीस वर्षांनी त्याचा चिकट डांबरासारखा लगदा होतो, आरसा त्याला चिकटतो आणि खाली पूर्ण टेकत नाही. आरशाच्या धातूच्या चौकटीला मऊ ब्रशच्या दांड्याने हलकेच खाली दाबा. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा सरकली तर निदान झालं. जुना फोम लाकडी काडी आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, नवा लावा. आरशाच्या काचेला मात्र कापूससुद्धा लावू नका. चकाकणारा थर वरच्या बाजूला असतो आणि पुसला की जातो. फोम बदलूनही फरक राहिला तर मॅट स्क्रीन उलटी किंवा तिरकी बसलेली नाही ना ते बघा. आरशाचा टेकणीचा स्क्रू सगळ्यात शेवटी, दुधी काच समोर ठेवून, पाव फेऱ्याहूनही कमी.

लेन्सचा दोष असेल तर सोपी शक्यता आधी. हेलिओस ४४-२ सारख्या अनेक लेन्सवर फोकस रिंग परिघावरच्या तीन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ते ढिले करा, दुधी काचेवर टॉवर धारदार करा, लेन्स न हलवता फक्त रिंग इन्फिनिटीच्या टोकाला आणा आणि स्क्रू थोडे-थोडे करत आळीपाळीने आवळा. जपानी लेन्सना जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने स्क्रूचं डोकं झिजतं.

एवढ्याने जमलं नाही तर बहुधा आधी कुणी लेन्स खोलून चुकीची जोडलेली असते. फोकसच्या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीतून फिरवलं की रिंग छान फिरते, पण इन्फिनिटी गायब. म्हणून खोलताना आटे नेमके सुटतात त्या क्षणी दोन्ही भागांवर खूण करा. लेन्सच्या आतलं कुठलं भिंग उलटं बसलं असेल तरी इन्फिनिटी हुकते आणि कडा विचित्र मऊ होतात. आटे घट्ट झाले असतील तर जुनं ग्रीस पेट्रोल-लायटरच्या इंधनाने धुवा आणि लेन्सचंच ग्रीस अगदी पातळ लावा. शिलाई मशीनचं तेल कदापि नको. ते ओघळून अॅपर्चरच्या पात्यांवर जातं, पाती चिकटतात आणि एफ/१६ ला लावलेली लेन्स उघडीच राहते.

दुधी काचेला एक गोष्ट दिसत नाही: प्रेशर प्लेट. एकाच रोलमध्ये चूक दर फ्रेमला वेगवेगळी असेल, तर दरवाज्यावरच्या प्लेटची स्प्रिंग सैल आहे किंवा प्लेट वाकली आहे. बोटाने दाबून सोडली की ती सगळीकडून सारखी परत यायला हवी.

शेवटी फिल्मवर खात्री. टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे करा, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा ३ सेमी मागे. कॅमेरा ट्रायपॉडवर, १ मीटर अंतरावर. फोकस मधल्या सेलवर, अॅपर्चर एफ/२. इथे धारदार पट्टा जेमतेम साडेचार सेमीचा असतो, त्यामुळे पहिला किंवा पाचवा सेल मधल्यापेक्षा स्पष्ट आला तर अजून काम बाकी आहे. चार फ्रेम घ्या, प्रत्येक वेळी फोकस पूर्ण बिघडवून नव्याने लावा, आणि कोणती फ्रेम कोणत्या लेन्सची ते वहीत लिहून ठेवा.