जुन्या मिलिटरी जीपचा बॅटरी ट्रे: कुजलेली बैठक पुन्हा कशी उभी करावी

जीपला नवा रंग मारून सहा महिने होत नाहीत, तोच बॅटरीखालचा रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि मालक रंगाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. रंगाचा दोष बहुतेक वेळा नसतोच. बॅटरीतून वर्षानुवर्षं पाझरलेलं ॲसिड पत्र्याच्या दुहेरी जोडात शिरून बसलेलं असतं आणि रंगाखाली आपलं काम चालू ठेवतं. ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे गंज लागणारच. पण तो घासून निघतो. ॲसिड घासून निघत नाही. म्हणून आधी ॲसिड मारायचं, म्हणजे त्याचा जोर संपवायचा, मग गंजाला हात घालायचा.

इथे डोळ्यांसमोर आहेत त्या १९४१ ते १९४५ मधल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जुळ्या जीप. यांत ६ व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली उजव्या हाताला असते, निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं; या जोडालाच अर्थ (अर्थिंग) म्हणतात. महिंद्राच्या जुन्या जीपची किंवा जोंगाची (लष्करातली जीपसारखी गाडी) मापं वेगळी, कामाचा क्रम हाच.

बॅटरी उतरवणं

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कारण कुठली केबल कुठून वळत होती हे महिन्याभराने आठवत नाही.

आधी अर्थची केबल सोडायची. पॉझिटिव्हपासून सुरुवात केली आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो. अर्थ सुटलेली असेल तर पाना बॉडीला कुठेही टेकला तरी काही होत नाही. मात्र निगेटिव्ह म्हणजेच अर्थ असं गृहीत धरू नका. १९६७ पूर्वीच्या लँड रोव्हरला पॉझिटिव्ह अर्थ असे. केबल चासीपर्यंत डोळ्यांनी तपासा.

बॅटरी धरून ठेवणारी चौकट आणि तिचे बोल्ट हमखास जाम असतात. गंज सुटण्याचं तेल मारून रात्रभर ठेवा. ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत बॅटरी शेजारी असताना अजिबात नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. कापायचंच असेल तर हॅक्सॉ ब्लेडने हाताने कापा.

ॲसिड मारणं

एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, खायचा सोडा विरघळवा. ट्रे, चौकट, बोल्ट आणि ट्रेखालचा चासीचा भाग यांवर ब्रशने लावा. फेस येईल. फेस म्हणजे ॲसिड अजून आहे. दहा मिनिटं थांबा, पाण्याने धुवा, पुन्हा लावा. फेस थांबेपर्यंत हेच; तीन-चार वेळा तर लागतंच. पत्र्यावर पत्रा चढवून जिथे स्पॉट वेल्ड केलेलं असतं तिथे सोड्याचं पाणी सिरिंजने आत सोडा. शेवटी जोडावर ओला पीएच कागद (ॲसिड ओळखणारा रंग बदलता कागद) दाबून बघा. ७ च्या खाली रंग दाखवला तर काम बाकी आहे.

धुतलेल्या पाण्यात शिशाचे क्षार असतात. ते सोसायटीच्या गटारात न सोडता प्लास्टिकच्या टबात गोळा करा. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या, भंगारवाल्याला नको.

पत्रा ठेवायचा की कापायचा

ट्रे सोडवून बाहेर काढा आणि उलटा करून उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथला पत्रा गेला. जाड स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. दबला तर कापा. ट्रे निघालाच आहे, तर खालचा चासीचा भाग आणि जवळून जाणाऱ्या ब्रेक-पेट्रोलच्या नळ्याही बघून घ्या. ठिबकणारं ॲसिड त्यांनाही सोडत नाही.

शाबूत भागाची जाडी व्हर्नियरने मोजा आणि त्याच गेजचा (जाडीचा) सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड पोलादी पत्रा आणा. गंजाच्या कडेपासून निदान २५ मिलिमीटर पुढे, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. कुजक्या कडेला वेल्ड धरत नाही, भोक मोठं होत जातं. मिग वेल्डिंग मशीनला ०.८ मिलिमीटरची वायर लावून दर २५-३० मिलिमीटरवर समोरासमोर टाके मारा. एकाच बाजूने सलग ओढलं तर ट्रे वाकतो आणि बॅटरी डुगडुगते. राहत्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमणार नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे नुसता ट्रे घेऊन जा. जाताना एक गोष्ट बजावून सांगा: पाणी जाण्याची भोकं बुजवायची नाहीत. वेल्डरला ती गंजाचीच वाटतात आणि तो मोठ्या निगुतीने बंद करून देतो.

बोल्टच्या बाबतीत फसगत ठरलेली. या जीपचे आटे इंची आहेत. अडीच सुताचा बोल्ट (५/१६ इंच) मागितला की दुकानदार बिनधास्त ८ एमएम हातावर ठेवतो. व्यास जवळपास सारखाच, ७.९४ आणि ८, त्यामुळे दोन आटे जातोही. मग अडतो, पान्याने ढकलला की नटाचे आटे सोलून निघतात. जुना बोल्ट सोबत न्या आणि नवा नट दुकानातच हाताने फिरवून बघा. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट इथे टिकत नाहीत, ॲसिड आधी जस्तच खातं. स्टेनलेस ३०४ घ्या.

रंग

सँडब्लास्ट केलेला (वाळूच्या माऱ्याने गंज काढलेला) पत्रा उघडा ठेवून घरी आणलात तर पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. ब्लास्ट झाल्या दिवशीच प्रायमर मारा. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. रंगारी सवयीने रेडऑक्साइड काढेल. तो इथे चालत नाही, ॲसिडपुढे लवकर हार मानतो. पुट्टीही नको. प्रायमर सुकल्यावर जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मळकट हिरवा.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर फवारणी टाळा. जुलैत ठाण्यात असे दिवस एकामागून एक येतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. रंग वरून सुकला म्हणजे आतून पूर्ण कडक झाला असं नाही; बॅटरी ठेवण्याआधी सात दिवस जाऊ द्या. पावडर कोटिंग दिसायला झकास, पण एकदा टवका उडाला की ॲसिड त्याच्या खालून सरकत जातं आणि वरून काहीच कळत नाही. आमचं मत एपॉक्सीलाच.

परत बसवणं

तळाला ३ मिलिमीटरचा ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) मॅट घाला, पण ट्रेच्या भोकांवर रबरालाही भोकं पाडा, नाहीतर मॅटच्या खाली डबकं. चौकटीचे नट हाताने घट्ट, वर पान्याने अर्धा फेरा. जास्त आवळलं की बॅटरीची पेटी तडकते आणि सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

केबल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बारा व्होल्टच्या गाडीची तयार केबल लावली की जीप कण्हत सुरू होते, मग लोक स्टार्टर खोलतात. हिशेब साधा आहे. स्टार्टरला १२०० वॅट लागले तर १२ व्होल्टला १०० अँपिअर, ६ व्होल्टला २००. केबलचा रोध एक मिलिओम धरला तर १२ व्होल्टमधले ०.१ जातात, ६ व्होल्टमधले ०.२. टक्क्यांत नुकसान चौपट. म्हणून तांब्याची ५० चौरस मिलिमीटरची केबल तरी हवी, ७० मिळाली तर उत्तम. अर्थची केबलही तेवढीच जाड, आणि चासीवर जिथे ती बसते तिथला रंग रुपयाएवढा खरवडून धातू उघडा करा. नवा रंग खरवडायला जीव होत नाही, पण रंगावर आवळलेली अर्थ म्हणजे अर्थ नाहीच.

आधी पॉझिटिव्ह, शेवटी अर्थ. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

तपासणी

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. कॉइलची तार काढून ठेवा, एकाला पायाने स्टार्टर दाबायला सांगा आणि मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरी स्टार्टरच्या टर्मिनलवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलातरी जोड सैल किंवा मळका आहे. तसंच निगेटिव्ह खुंट आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मोजा. मग सगळे स्विच बंद करून अर्थची केबल सोडा आणि मध्ये अँपिअर मोजणारा मीटर लावा. मूळ वायरिंगच्या जीपमध्ये ना घड्याळ ना म्युझिक सिस्टिम, तेव्हा शून्यच यायला हवं. काही मिलिअँपिअर दिसले तर नंतर कुणीतरी जोडलेला हॉर्न किंवा लाइट शोधा.

पहिला मोठा पाऊस झाला की मॅट उचलून खाली बोट फिरवा. ओलं लागलं तर भोकात तार घाला. बहुधा सीम सीलरचा थेंब अडकलेला असतो.