विमानाची भीती आणि सोबत लहान मूल: पालकांनी काय करावे

विमानाची भीती वाटणारी व्यक्ती एकटी असेल, तर डोळे मिटून, आसनाचे हात घट्ट धरून ती कसाबसा वेळ काढते. मांडीवर किंवा शेजारी लहान मूल असले की ही सोय उरत नाही. मूल पाणी मागते, शू लागली म्हणते, आत्ता काय वाजले ते विचारते, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या पोटात गोळा आलेला असतो. अशा पालकांना बहुधा ‘मुलासमोर धीर धरा’ एवढाच सल्ला मिळतो. धीर कसा धरायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

मूल आपल्याकडे बघून परिस्थिती जोखते, हे आधी नीट लक्षात घेतले पाहिजे. जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते. काचेखाली पुढच्या भागात थोडा खोलगटपणा दिसत होता आणि पलीकडे आई होती. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळे काच ओलांडून गेली, तर आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. हे वाचून मुलासमोर सतत हसत राहण्याचे ओझे कोणी घेऊ नये. ओढूनताणून आणलेले हसू फार वेळ टिकत नाही, आणि चेहरा हसतो पण हात थरथरतो, ही विसंगती मुलाला अधिक गोंधळात टाकते. मूल तीन-चार वर्षांचे असेल तर ‘माझ्या छातीत जरा धडधडते आहे, म्हणून मी हळूहळू श्वास घेते आहे’ असे एक छोटे, खरे वाक्य पुरेसे होते. भीतीचे नाव आणि तिच्यावरचा उपाय या दोन्ही गोष्टी त्याच वाक्यात मुलाला मिळतात. ‘घाबरू नकोस, काही होणार नाही’ हे वाक्य शक्यतो टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत मुलाच्या मनात काही व्हायचा विचारही आलेला नसतो.

प्रवासाच्या काही आठवडे आधी, आपल्याला नक्की कशाची भीती वाटते, ते कागदावर लिहून काढावे. कोणाला विमान पडेल असे वाटते, कोणाला बंद जागेत कोंडल्यासारखे होते, तर कोणाला मुलासमोर आपला तोल सुटेल याचीच धास्ती असते. या तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत. पहिलीवर माहितीचा उपयोग होतो, दुसरीसाठी मार्गिकेलगतचे आसन आणि अधूनमधून उठणे बरे पडते, आणि तिसरीसाठी शरीर शांत करण्याचा सराव लागतो. सोबत दुसरी मोठी व्यक्ती असेल तर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मुलाची जबाबदारी कोणाची, हेही घरूनच ठरवून निघावे.

विमानातील आवाजांची माहिती करून घेणे मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण घाबरलेले मन प्रत्येक अनोळखी आवाजाला बिघाड समजते. एअरबस ए३२० जातीच्या विमानात, विमान जमिनीवर असतानाच, पायांखालून कुत्रा थांबून थांबून भुंकावा तसा आवाज अनेकदा येतो. तो हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेतील एका भागाचा असतो आणि अगदी नेहमीचा असतो. उड्डाणानंतर थोड्याच वेळात खालून धप्प असा आवाज येतो, तेव्हा चाके पोटात घेतली गेलेली असतात. त्यानंतर इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली चालले आहे असे वाटते. हा क्षण घाबरट माणसाला फार जड जातो. प्रत्यक्षात विमान वरच चढत असते. उड्डाणासाठी लावलेला जास्तीचा जोर वैमानिकांनी कमी केलेला असतो, आणि वेग वाढण्याचे प्रमाण बदलल्याने आतल्या कानाची फसगत होते. उतरण्याआधी पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे मागच्या कडेचे सरकते भाग, बाहेर येताना घरघर ऐकू येते, चाके उघडताना पुन्हा धक्का जाणवतो, आणि जमिनीला टेकल्यावर इंजिने मोठ्याने गर्जतात, कारण त्यांचा जोर आता विमान थोपवण्यासाठी वापरला जात असतो. या आवाजांची चित्रे एका कागदावर काढून मुलाला द्यावीत आणि प्रत्येक आवाज आला की त्याने त्यावर खूण करावी. मुलाला खेळ मिळतो, आणि ज्या आवाजाने आपण दचकणार होतो त्याची आपणही त्याच्याबरोबर वाट पाहू लागतो.

हवेतील हादऱ्यांबाबत दोन गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात. पंख वाकतात, कारण ते वाकण्यासाठीच घडवलेले असतात; प्रत्यक्ष सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार विमानाच्या रचनेने पेलला पाहिजे, अशी प्रमाणपत्रासाठी अट असते. दुसरी गोष्ट अशी की हादऱ्यांमध्ये इजा होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्या माणसांना. म्हणून बसल्या जागी पट्टा कायम बांधलेला ठेवणे, हे भीतीच्या भरात करता येण्याजोगे एक खरे काम आहे. दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करण्याची मुभा अनेक ठिकाणी असते. तरीही अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन अशा मुलासाठी स्वतंत्र आसन घेऊन त्यावर मान्यताप्राप्त बालआसन लावण्याची शिफारस करते, कारण जोराच्या हादऱ्यात कितीही घट्ट धरले तरी हातांचा भरवसा देता येत नाही. खर्च झेपत असेल तर हे जरूर करावे. घाबरलेल्या पालकाचे हात त्यामुळे मोकळे राहतात आणि मनावरचा एक मोठा भार उतरतो. मूल मांडीवरच असेल, तर आपल्या पट्ट्याच्या आत त्याला कधीही घेऊ नये. केबिन कर्मचारी सांगतील तसेच धरावे. आसन निवडता येत असेल तर पंखांजवळचे निवडावे, कारण शेपटीकडे हादरे अधिक जाणवतात.

भीतीचा झटका आलाच, तर तो साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो, हे स्वतःला सांगावे. खांदे सैल सोडावेत, पावले जमिनीवर टेकवावीत आणि मुलाचा हात हातात घ्यावा. त्याच्या अंगठ्यापासून सुरुवात करून प्रत्येक बोटावर एक लांब, सावकाश फुंकर घालावी. मनात चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. पाच बोटे झाली की मूल पालकाच्या बोटांवर फुंकर घालते. श्वास सोडण्याची क्रिया लांबवली की हृदयाची गती उतरायला मदत होते, आणि मुलाला यात गंमत वाटते. घरी रात्री झोपताना याचा सराव केलेला असला, तरच तो ऐन वेळी आठवतो. केबिन कर्मचाऱ्यांना चढतानाच ‘मला विमानाची भीती वाटते आणि सोबत मूल आहे’ असे सांगून ठेवावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मुलाची जबाबदारी एकट्यावर असेल तर गुंगी आणणारे औषध किंवा मद्य घेऊ नये. मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला ॲलर्जीचे औषध देणेही चुकीचे आहे. काही मुले त्याने उलट अधिक अस्वस्थ होतात. प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतः लावण्याची सूचना अनेक आईबापांना कठोर वाटते, पण सुमारे ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर माणसाची शुद्ध कामापुरती अर्धा ते एक मिनिटच टिकते, आणि पालकच बेशुद्ध झाला तर मुलाला मुखवटा कोण लावणार?

उतरताना मूल रडू लागले की भित्र्या पालकाला वाटते, याला काहीतरी धोका जाणवला. बहुतेक वेळा त्याच्या कानांना दडे बसलेले असतात. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो, आणि उतरताना तो वाढत जातो. विमान जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी उतरू लागते, तेव्हाच मुलाला जागे करून अंगावर किंवा बाटलीने पाजावे, चोखणी द्यावी, मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात. मुलाला सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

भीतीपायी प्रवास रद्द होऊ लागले असतील, तर घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, ज्यात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेले जाते, या भीतीवर गुणकारी ठरते, आणि काही विमान कंपन्या त्यासाठी खास वर्गही चालवतात. त्याला बैठका आणि अवधी लागतो, म्हणून तिकीट काढण्याच्या सुमारासच, मुलाला शक्यतो घरी ठेवून, पहिली भेट घ्यावी.