पोटच्या पोराचीच धास्ती घ्यायची असेल तर

आईला पोटच्या पोराचीच भीती वाटते असे सिनेमे बघायला बसण्याआधी आपलं पोर गाढ झोपलंय याची खात्री करा. आमचे सात वर्षांचे चिरंजीव ‘द ओमेन’च्या ऐन मध्यात पाणी मागायला दारात येऊन उभे राहिले होते. मी किंचाळले, तो रडला, नवरा दोघांवर खेकसला. तेव्हापासून मी हेडफोन लावते आणि पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी ठेवते.

दुसरं म्हणजे, पोराकडे बघू नका, आईकडे बघा. या सिनेमांतली खरी भीती तिच्या चेहऱ्यावर असते. आपल्या लेकराचा संशय येतोय हे ती कोणाला सांगणार?

सुरुवात ‘द बॅड सीड’ने (१९५६) करा. कृष्णधवल, नाटकावरून घेतलेला, म्हणून बडबड भरपूर. पण रक्त जवळजवळ नाहीच. आठ वर्षांची रोडा वेण्या घालते, मोठ्यांशी गोड बोलते आणि शाळेतल्या पदकासाठी काय करते ते आईला हळूहळू कळत जातं. वादळी रात्री रोडा घराबाहेर पडली की सिनेमा थांबवा. मूळ नाटकात मुलगी जिवंत राहते आणि आई मरते. हॉलिवूडच्या त्या वेळच्या नियमांत गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, म्हणून इथे पोरीवर वीज पाडली. वर शेवटी कलाकारांची ओळख करून देताना आई तिच्या ढुंगणावर चापट्या मारते! हसू येतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

मग ‘द ओमेन’ (१९७६). इथे नवऱ्याने बायकोला न सांगता दुसऱ्याचं बाळ तिच्या कुशीत दिलेलं असतं. पोराच्या तीनचाकीचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा: एक लहान मूल सायकल चालवतंय, बस्स. मग आवाज लावून बघा. जेरी गोल्डस्मिथला त्या संगीताबद्दल ऑस्कर का मिळालं ते पोटात कळेल.

‘गुडनाइट मॉमी’ ऑस्ट्रियातला, २०१४चाच घ्या. नंतरची अमेरिकन नक्कल नको. चेहऱ्याला पट्ट्या बांधून आई घरी येते आणि जुळ्या मुलांना वाटतं, ही आपली आई नव्हेच. ती कोणाशी बोलते आणि कोणाशी नाही, एवढं लक्षात ठेवा. शेवटचा अर्धा तास मी उशीआडून पाहिला. मोबाइलवर बघू नका, सबटायटल वाचताना आईचे डोळे निसटतात.

‘वी नीड टू टॉक अबाउट केविन’ (२०११) मात्र रात्री नकोच. रविवारी दुपारी बघा, मुलगा आजीकडे गेलेला असताना. आईने खोलीभर हौसेने नकाशे चिकटवलेले असतात, केविन त्यांवर पिचकारीने रंग उडवतो. आई झालेल्या टिल्डा स्विंटनचा तिथला चेहरा पाहून मला आमच्या पासबुकावर चाललेलं स्केचपेन आठवलं, आणि मी तेव्हा लेकाचा दंड किती जोरात धरला होता तेही. मला हा सिनेमा पुरा करायला तीन रविवार लागले.