भंगारातली डिश मायक्रोवेव्हला लावताय? या चुका टाळा

टाकून दिलेली टीव्हीची डिश हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, १० गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह बँडवर उत्तम चालते. ६० सेंटीमीटरच्या डिशमधून साधारण ३३ डीबीआय गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) मिळतो. तरी लोक दोन दिवसांत "डिशच खराब आहे" म्हणून ती परत भंगारात टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डिशचं तोंड जिकडे, बीमही (सिग्नलचा झोत) तिकडेच, असं धरून चालणं. घरांवरच्या बहुतेक डिश ऑफसेट असतात, म्हणजे सिग्नल गोळा करणारा भाग मधोमध न बसता खालच्या बाजूला असतो. त्यांचं तोंड ओळंब्यात उभं ठेवलं, तर बीम वीस-पंचवीस अंश आभाळात जातो. एका मित्राने टेकडीवर डिश अशीच सरळ उभी करून समोरच्या डोंगरावरच्या स्टेशनवर रोखली होती. काहीच ऐकू येईना. त्याने केबल बदलली, ट्रान्सव्हर्टर (साध्या रेडिओचा सिग्नल मायक्रोवेव्हवर नेणारं यंत्र) उघडला आणि शेवटी समोरच्याचीच पॉवर कमी आहे असं ठरवलं. मी डिश पुढे झुकवली, इतकी की ती पायाखालची जमीन बघतेय असं वाटावं, आणि समोरचा आवाज स्वच्छ आला. बीमची रुंदी जेमतेम साडेतीन अंश असते, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही. डिशची रुंदी भागिले उंची करा. जो आकडा येईल त्याचा कोसाइन व्यस्त म्हणजे ऑफसेट कोन. ६० बाय ६५ ची डिश असेल तर सुमारे साडेबावीस अंश. हा कोन मी डिशच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवतो.

दुसरी चूक घाईची. घरी आणल्याआणल्या एलएनबी (दांडीच्या टोकाचा टीव्हीचा रिसीव्हर) काढून दांडी कापायची, मग फोकस शोधत बसायचं. अहो, कंपनीने फोकस शोधून दिलेला आहे! एलएनबी काढण्याआधी त्याच्या तोंडापासून डिशच्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेपर्यंत दोरा ताणून अंतरं मोजा. नवीन हॉर्नचं (कर्ण्यासारख्या अँटेनाचं) तोंड तिथेच आणा, मग सूर्यावर डिश रोखून नॉइज सर्वाधिक येईपर्यंत थोडं पुढेमागे सरकवा. हे करायचा कंटाळा असेल, तर मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका.

खोल डिशसाठीचा फीड (फोकसवर बसणारा हॉर्नसारखा अँटेना) उथळ ऑफसेट डिशला लावू नका. त्याचा बीम कडेबाहेर सांडतो, पॉवर वाया जाते आणि जमिनीचा नॉइज आत येतो.

पोचा हातोडीने ठोकून काढू नका. १० गिगाहर्ट्झला दीड-दोन मिलिमीटरपर्यंतची चूक खपते. २४ ला नाही, तिथे तरंगलांबीच साडेबारा मिलिमीटर असते.

चकचकीत रंग देऊ नका. ऊन फीडवर एकवटतं आणि प्लॅस्टिकची टोपी वितळते. मी मॅट रंगच वापरतो.

आणि ट्रान्समिट चालू असताना डिशसमोर किंवा फीडच्या तोंडाशी कुणालाही, विशेषतः बघायला जमलेल्या मुलांना, उभं राहू देऊ नका.